कोंबड्या पुन्हा पुन्हा टोचतात? आधी चोचीचा टोचा कुठं बसलाय ते बघा

पलूस तालुक्यात कृष्णेकाठी आमचं घर. परड्यात २२ कोंबड्या आणि २ कोंबडे. गावरान जास्त, चार-पाच गिरिराज, दोन कडकनाथ. दहा-बारा वर्षं त्यांचं सगळं मीच बघते. या काळात मर लागली, मुंगूस शिरलं, पूर आला. पण मला सगळ्यात जास्त रडवलं ते कोंबड्यांनीच एखादीला टोचून रक्तबंबाळ करण्याच्या दुखण्यानं. मिटलं असं वाटतं आणि दोन महिन्यांत पुन्हा सुरू होतं. गावातल्या, माहेरच्या कितीतरी बायका मला हेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहिते.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा एक तांबडी कोंबडी टोचताना सापडली. "माजलीय ती, कापून मोकळी हो," असं घरात आणि शेजारी सगळ्यांनीच सांगितलं. मी दिली. आठ दिवसांत दुसरीनं तेच सुरू केलं. तीही दिली. मग तिसरी. अंड्यावरच्या तीन चांगल्या कोंबड्या गेल्या आणि टोचणं होतं तिथंच राहिलं. त्या तांबडीचं मला अजून वाईट वाटतं. तिच्या अंगावर कधी पिसू दिसली नाही की तिनं कधी अंडं बाहेर घातलं नाही.

चौथ्या वेळी मी जखमी कोंबडी पाटीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. कुणी टोचलं हे डॉक्टरांनी विचारलंच नाही. त्यांनी कोंबडी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "ताई, आधीच्यांना जखम कुठं होती? डोक्याला, पाठीला का मागच्या जागेला?" मला सांगता येईना. रक्त दिसलं की मी घाबरायचे, टोचणारी हुडकायचे. जखम कुठं आहे ते कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी तेवढं एक बघायला शिकले, आणि आमच्याकडं पुन्हा एकही कोंबडी या कारणानं कापावी लागली नाही.

आज रक्त निघालं असेल तर

कारण नंतर शोधा. आधी जखमी कोंबडी बाजूला काढा, आत्ता, हातातलं काम ठेवून. लाल रंगाकडं कोंबडी ओढली जाते. एकीनं रक्त काढलं की पाठोपाठ बाकीच्याही येतात, आणि अर्ध्या तासात जिवंत कोंबडीचं मागचं मांस निघालेलं मी बघितलं आहे.

जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, स्वच्छ फडक्यानं दाबून रक्त थांबवा. रक्तानं माखलेली पिसं कात्रीनं कापून टाका, ती राहिली तर परत तिथंच टोचा बसतो. मग हळद. आपल्या सांगलीत ती कुणाच्या घरात नाही असं होत नाही. खोबरेल तेलात कालवून जाड लेप द्या. हळदीनं जखमेला आराम पडतोच, शिवाय लाल रंग झाकला जातो, आणि इथं तेच फार महत्त्वाचं आहे. जखम खोल असेल, मांस दिसत असेल तर घरगुती इलाजात दिवस घालवू नका. उन्हाळ्या-पावसाळ्यात माशी बसली की जखमेत किडे पडायला वेळ लागत नाही.

एक चूक मात्र सगळेच करतात, मीही केली. जखमी कोंबडी घरात, न्हाणीत नेऊन ठेवतात. आठ-दहा दिवसांनी ती बरी होऊन परत सोडली की बाकीच्या तिला परकी समजून पुन्हा फोडून काढतात. म्हणून तिला परड्यातच, बाकीच्यांच्या नजरेसमोर डालग्याखाली किंवा जाळीमागं ठेवा. दाणापाणी आतच द्या. खपली धरून लाल रंग पूर्ण गेला की मगच सोडा, आणि तेही संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसल्यावर.

डोक्याला, तुऱ्याला टोचा

हे भांडण मानाचं असतं. कोंबड्यांत कुणी आधी खायचं, कुणी वरच्या दांडीवर बसायचं याची उतरंड ठरलेली असते. लहानपणापासून कोंबड्या न्याहाळणाऱ्या थोर्लीफ शेल्डरूप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकानं ही उतरंड १९२१ मध्ये पहिल्यांदा व्यवस्थित मांडली. आपल्या आज्या-पणज्यांना ती माहीत होतीच. "ती म्हातारी कोंबडी खाल्ल्याशिवाय कुणाला खाऊ देत नाही," असं आमच्या आत्या म्हणजे सासूबाई म्हणायच्या.

समोरासमोर उभं राहून, मानेची पिसं फुलवून दोघी एकमेकींच्या तुऱ्यावर चोच मारतात. एक मान खाली घालून बाजूला झाली की विषय संपतो. यात आपण पडू नये. आपण सोडवलं की निकाल लागत नाही आणि तेच भांडण रोज होतं. रक्त फार निघत असेल किंवा हरलेली पळून गेल्यावरही दुसरी पाठलाग सोडत नसेल, तरच हात घाला.

हे पुन्हा पुन्हा होत असेल तर बहुतेक वेळा दोन कारणं निघतात. एक म्हणजे खायची जागा कमी. मोठ्या कोंबडीला भांड्याच्या काठावर निदान १० सेंटीमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडी जास्त जागा लागते. आमच्याकडं १५ कोंबड्यांना एकच घमेलं होतं. आता तीन भांडी आहेत, तीही अशी ठेवली आहेत की एका भांड्याजवळ उभ्या असलेल्या कोंबडीला दुसरं भांडं दिसत नाही. एक गोठ्याच्या कडेला, एक शेवग्याखाली, एक बंबाच्या मागं. दांडगी कोंबडी एका वेळी एकच भांडं राखू शकते, बाकीच्या निवांत खातात. पाणीही असंच दोन ठिकाणी.

दुसरं कारण म्हणजे नव्या कोंबड्या. बाजारातून दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणल्या आणि थेट कळपात सोडल्या की त्यांचे हाल होणार हे ठरलेलंच. आधी त्या तीन आठवडे लांब ठेवा, कारण बाजारातून भांडणाआधी रोग घरात येतो. मग आठ-दहा दिवस जाळीपलीकडं, एकमेकींना दिसतील पण चोच पोचणार नाही अशा ठेवा. मग रात्री सगळ्या झोपल्यावर आत. एकटी नवी कोंबडी कधी आणू नका, निदान दोन-तीन आणा, म्हणजे मार वाटला जातो. आणि पिल्लं मोठ्यांच्या अंगाची झाल्याशिवाय त्यांच्यात सोडू नका.

सगळ्यांनाच छळणारी एखादी असते. तिला कापायची गरज नाही. तिलाच चार-पाच दिवस वेगळी ठेवा, यावेळी मात्र कुणी दिसणार नाही अशा जागी. तेवढ्यात मागं उतरंड नवी लागते, आणि परत आल्यावर तिला खालून सुरुवात करावी लागते. आमची काळी कडकनाथ अशीच चार दिवस न्हाणीमागच्या खोपट्यात राहिली आणि परत आली ती बदलूनच.

एक सावधगिरी. तुऱ्यावर, चोचीजवळ, डोळ्याभोवती मोहरीएवढ्या चामखिळीसारख्या गाठी आणि त्यावर काळ्या खपल्या दिसल्या तर तो टोचा नसेल, देवीचा रोग असेल. टोचल्याची जखम ओरखड्यासारखी आणि एखाद्याच ठिकाणी असते, देवीच्या गाठी हळूहळू वाढतात आणि चार-पाच कोंबड्यांत एकदम दिसतात. ती डासांमुळं पसरते. तिथं डॉक्टरांनाच दाखवा.

पाठीची, शेपटीच्या बुडाची पिसं उपटलेली

आमच्या तिन्ही तांबड्या-काळ्यांचं दुखणं हे होतं, आणि यालाच मी माज समजत होते. नीट बघा, यात राग दिसत नाही. पिसं फुलत नाहीत, समोरासमोर उभं राहणं नाही. एक कोंबडी मागून शांतपणे येते, दुसरीचं पीस ओढते आणि बऱ्याचदा खाऊन टाकते. मातीत उकरून टिपायची सवय भागली नाही की ती चोच शेजारणीच्या अंगाकडं वळते. गावकोंबडीचा मूळ वंश तांबड्या रानकोंबडीचा. दिवसाचा बराचसा वेळ पायानं पाचोळा उकरायचा आणि एकेक दाणा, एकेक किडा टिपायचा, असा हा पक्षी. त्याला आपण सारवलेल्या अंगणात कोंडतो आणि घमेल्यात ज्वारी ओततो. दहा मिनिटांत पोट भरतं. उरलेला दिवस ती चोच काय करणार?

आणि पोट भरलं तरी अंगाची गरज भागलेली नसते. पीस जवळजवळ सगळंच प्रथिनांचं असतं, त्यात गंधक असलेली प्रथिनं भरपूर. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. मक्यात, ज्वारीत असतात ८ ते १० टक्के. नुसत्या धान्यावर ठेवलेली कोंबडी अंडी देत राहते, पण कमी पडलेलं कुठून तरी भरून काढायला बघते, आणि डोळ्यासमोर असतात दुसरीची पिसं. धान्यात मीठही नसल्यासारखंच असतं. मिठाच्या कमतरतेनंसुद्धा कोंबड्या एकमेकींना टोचायला लागतात, हे मला दवाखान्यातच कळलं.

आता मी घरी १० किलोचं मिश्रण असं करते: मक्याचा भरडा ५ किलो, शेंगपेंड २ किलो, गव्हाचा कोंडा दीड किलो, सुकट अर्धा किलो, शिंपल्यांचा चुरा ७०० ग्रॅम, मिनरल मिक्श्चर ३०० ग्रॅम. यात प्रथिनं साधारण १७ टक्क्यांपर्यंत जातात. सुकट खारवलेली असेल तर वेगळं मीठ नको. बिनमिठाची असेल तर किलोमागं ३ ग्रॅम मीठ, तेही काट्यावर मोजून, कारण जास्त मीठ कोंबडीला विषासारखं बाधतं. मिनरल मिक्श्चरच्या पाकिटावर मीठ घातल्याचं लिहिलेलं असेल तर तेही हिशेबात धरा. दुकानातलं तयार लेअर खाद्य देत असाल तर त्यात सगळं असतं, वरून काही घालू नका. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. मोकळी फिरणारी असेल तर त्याहून कमी लागतं.

पेंडीबद्दल दोन गोष्टी काळजीनं सांगते. शेंगपेंड ओलसर, वास येणारी, बुरशीची असेल तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, त्या बुरशीच्या विषानं कोंबडीचं लिव्हर जातं. आणि म्हशीसाठी आणलेली सरकी पेंड कोंबडीला घालू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते कोंबडीला सोसत नाही आणि साठवलेल्या अंड्याचा बलकही हिरवट पडतो. शेंगपेंडीत गंधकाची प्रथिनं कमी पडतात, ती सुकट, तिळाची पेंड, सूर्यफुलाची पेंड यांनी भरून निघतात. शेंगपेंडीतली थोडी कमी करून यातली एखादी घातली तरी चालते.

चोचीला काम लावायची तऱ्हा आपल्याकडं फुकट आहे. उसाचं पाचट. कारखान्याचा हंगाम असेपर्यंत रानात पडलेलं असतं. कोरडं पाचट परड्याच्या एका कोपऱ्यात वीतभर जाडीनं पसरा आणि सकाळचे मूठभर दाणे त्यात उधळा. कोंबड्या तासन्‌तास उकरत बसतात. पाचट भिजलं, बुरशी धरली की काढून उकिरड्यावर टाका, ती बुरशी त्यांच्या छातीत जाते. ज्वारीची, मक्याची कणसं सुतळीनं टांगायची, उडी मारून टिपावं लागेल एवढ्या उंचीवर. कोबीचा गड्डा, मेथीची जुडी, लसूणघासाची पेंढी, शेवग्याची डहाळी. जमिनीवर टाकलेली जुडी दोघी-तिघी पळवतात, टांगलेल्या जुडीभोवती सगळ्या जमतात. आमच्याकडं या एका गोष्टीनं तीन आठवड्यांत पाठीवर नवी पिसं दिसायला लागली.

तरीही थांबेना तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा. दिवसा कोंबडीच्या अंगावर काही सापडत नाही, कारण तांबडे माइट म्हणजे बारीक किडे आणि कोंबडीची गोचीड रात्री येऊन रक्त पितात आणि दिवसा फटीत लपतात. दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवा. लाल डाग उमटला तर कारण सापडलं. खाजेनं बेजार झालेली कोंबडी स्वतःची पिसं उपटते आणि तिथं बाकीच्याही टोचतात. फटी लिंपून घ्या, दांड्या काढून उन्हात टाका, भिंतीला चुना द्या. वाळू आणि चुलीची राख मिसळून मातीच्या अंघोळीचा खड्डा करा, वर छपराचा आडोसा द्या म्हणजे पावसात कोरडा राहील. औषध डॉक्टरांना विचारूनच, आणि ते दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारून घ्या.

ऊन, उजेड, दाटी

दर वर्षी होळी झाली की आमच्याकडं टोचणं का वाढायचं, याचं उत्तर डोक्यावरच्या पत्र्यात होतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्या उकाड्यात ती दुपारी खात नाही, म्हणजे अन्नही कमी पडतं आणि जीवही कासावीस. पत्र्यावर पाचट नाहीतर कडबा टाका, दुपारी पाणी मारा. प्यायचं पाणी सावलीत, मातीच्या भांड्यात, दुपारी एकदा बदलून. खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर. आटपाडी-जतकडं किंवा माण-खटावला राहणाऱ्यांना तर हे फाल्गुनातच सुरू करावं लागेल.

उजेडाची चूक माझी स्वतःची. मुंगूस येतं म्हणून मी खुराड्यात १०० वॅटचा बल्ब लावला होता, रात्रभर. मुंगूस थांबलं, पण महिन्याभरात कोंबड्या एकमेकींच्या जिवावर उठल्या. दिवसाचा आणि दिव्याचा मिळून १६ तासांपेक्षा जास्त उजेड झाला तर कोंबडीला झोप पुरत नाही, ती चिडचिडी होते. बल्ब काढला, मुंगसासाठी बारीक जाळी आणि खाली दगडाचं जोतं केलं.

दाटीचा धडा पुरानं दिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा दारात आली तेव्हा मी १७ कोंबड्या घेऊन विट्याकडं माहेरी गेले. दोन डालगी आणि एक प्लॅस्टिकचा क्रेट, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत तीन कोंबड्या मेल्या, तिन्ही टोचून. २०२१ च्या जुलैत पुन्हा निघावं लागलं तेव्हा वडिलांना आधीच फोन करून गोठ्याचा कोपरा जाळीनं बंद करून घेतला, खाली कडबा आणि पाचट, वर टांगलेला घास, अंधारासाठी तरट. पूर ओसरेपर्यंत एकीलाही जखम झाली नाही. घरच्या खुराड्यात मी एका कोंबडीला ३ चौरस फूट धरते, दांडीवर वीतभर. फिरायला जेवढं देता येईल तेवढं थोडंच.

मागच्या जागेला टोचा

यात जीव जातो, म्हणून दिरंगाई नको. अंडं घालताना मागची जागा क्षणभर बाहेर येते, लाल, ओली, चकचकीत. शेजारी उभ्या कोंबडीला ती दिसली की टोचा बसतो, आणि आतडी ओढून काढेपर्यंत थांबत नाहीत. पहिल्यांदा अंड्यावर आलेल्या तलंगांना आणि फार लठ्ठ कोंबड्यांना जास्त धोका, कारण त्यांची जागा लवकर आत जात नाही.

उपाय अंड्याच्या जागेत आहे. चार-पाच कोंबड्यांना एक या हिशेबानं खोकी किंवा टोपल्या ठेवा, जमिनीपासून फूट-दीड फूट वर, पुढं तरटाचा पडदा. आतली कोंबडी बाहेरून दिसता कामा नये. जागा बाहेर आलेली आणि आत न जाणारी कोंबडी दिसली तर ती त्याच घडीला अंधारात वेगळी करा आणि डॉक्टरांना फोन करा. अशी कोंबडी पुन्हा कळपात टिकेलच असं नाही, आणि हे मी जड मनानं लिहिते.

पाठ उघडी, पण मानेमागंही पिसं नाहीत

दोन्ही ठिकाणी, पाठीवर दोन्ही बाजूंना सारखीच उघडी कातडी दिसली तर कोंबड्या निर्दोष आहेत. कोंबडा वर चढताना चोचीनं मान धरतो आणि पंजानं पाठ. ८-१० कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. पाच कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवलेत तर त्यांच्या आवडत्या एक-दोघींची पाठ सोलवटून निघते. जादा कोंबडा कमी करा, उरलेल्याच्या नख्यांची टोकं कानशीनं घासा. जखमी कोंबडीच्या पाठीवर जुन्या कापडाचं जाकीट पंखांखालून बांधता येतं, मी माझ्या परकराच्या तुकड्याचं शिवलं होतं.

लहान पिल्लं एकमेकांच्या बोटांना टोचत असतील तर ती उपाशी तरी आहेत नाहीतर दिव्याखाली उकडतंय. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढं दर आठवड्याला तीन-एक अंश कमी. कागदावर दाणे पसरून द्या. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

कोंबडा माणसांच्या अंगावर येतो

शेजारच्या काकूंच्या नातवाच्या गालाला कोंबड्यानं टोचलं, डोळा थोडक्यात वाचला. त्यामुळं हे मी हलक्यानं घेत नाही. कोंबडा कोंबड्या राखत असतो. झाडू, फडफडणारा पदर, पळणारं पोर त्याला हल्ला वाटतो. पळालात तर तो जिंकला. लाथ मारलीत, काठी मारलीत तर त्याच्या हिशेबी भांडण सुरू झालं, आणि उद्या तो जास्त जोरानं येईल. जागेवर उभं राहायचं, थोडं आडवं, हात न हलवता. तो नजर वळवून जमीन टोचायला लागला की आपण आपल्या वाटेनं जायचं. तरी उडालाच तर दोन्ही पंख दाबून धरायचा, काखेत घ्यायचा, डोकं खाली आणि अंग सैल पडेपर्यंत तसाच धरून आपलं काम करत राहायचं, मग हळूच सोडायचा. हे रोज, पंधरा दिवस. आमचा एक कोंबडा असा निवळला, दुसरा नाही निवळला. ज्याच्या रक्तातच ते आहे, त्याची पिल्लं धरू नका. लहान मूल असलेल्या घरात असा कोंबडा ठेवू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

असील जातीचं बी घरात असेल तर पिल्लं लहानपणापासूनच भिडतात, ती वेगळीच वाढवावी लागतात. जत्रेला झुंजीसाठी कोंबडा मागायला लोक येतात, त्यांना देऊ नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं झुंज लावणं गुन्हा आहे, आणि त्या कोंबड्यांच्या जखमा मी बघितल्या आहेत.

खुडूक कोंबडी अंगावर आली तर मात्र तिला तिच्या जागी सोडा. २१ दिवस ती अंडी राखणार, पुढं पिल्लं राखणार. तिला आडोसा द्या, दाणापाणी जवळ ठेवा, बाकीच्यांना लांब ठेवा.

चोच डागू नका

"चोचीचं टोक डागून टाक, कटकट मिटेल," असा सल्ला हमखास मिळतो. चोचीत शिरा असतात, संवेदना असते. डागलेली कोंबडी कित्येक दिवस नीट टिपू शकत नाही, दुखणं पुढंही राहतं. आणि भूक, उकाडा, माइट, दाटी यातलं जे काही होतं ते तसंच राहतं. मी एकदा हे होऊ दिलं होतं, ती कोंबडी दाण्यासमोर उभी राहून मान हलवायची. पुन्हा नाही.

पावसाळा सरला की जुनी पिसं झडून नवी येतात. नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ती मोडली की रक्त दिसतं आणि टोचणं सुरू होतं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मी सुकट थोडी वाढवते आणि दिवसातून दोनदा सगळ्यांच्या शेपटीच्या बुडाशी बघते.

एवढं करून आठ-दहा दिवसांत फरक दिसला नाही तर दवाखाना गाठा. सातारकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, बाकीच्यांना तालुक्याचा दवाखाना. जाताना जखमी कोंबडी, मूठभर खाद्य कागदात बांधून, आणि फोनवर खुराड्याचे दोन फोटो, एक आतून आणि एक छपराचा. कोंबडी मेली असेल तर पुरून टाकू नका, पिशवीत बांधून त्याच दिवशी न्या. आणि कुठल्या तारखेला कुठल्या कोंबडीला अंगावर कुठं जखम होती, ते कॅलेंडरवर लिहिलेलं असेल तर ते पानही फाडून बरोबर घ्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.